चेहरा पाडून गाडी बघणे

जुनी स्पोर्ट्स कार बघायला जाताना सोबत भाकरीचा डबा नेऊ नये, हे मी अनुभवानं सांगतो.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. बी.ए., मराठी विषय, फर्स्ट क्लास. (प्रमाणपत्र बाहेरच्या खोलीत लावलंय. आलेल्या माणसाला ते दिसेलच, अशा बेतानं खुर्ची ठेवली आहे.) कुंडलला शाळेत शिकवतो. आणि मला एक लाल, दोन दरवाज्यांची, जमिनीला पोट टेकवून बसणारी गाडी हवी होती. कॉलेजच्या दारात तशी एक उभी असायची. तिच्या काचेत बघून मी तीन वर्षं भांग पाडला. तेव्हापासूनचं आहे हे.

सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्यानं तसलीच गाडी विकायला काढली होती. वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, एकच अट घातली.

"मी बघणार. मी मान हलवली तर घ्यायची. न्हाईतर इषय बंद."

आईची शंका वेगळी होती. "दोनच शिटा? मग म्या काय टपावर बसू व्हय रं?"

म्हणजे सगळं तात्यांच्या मानेवर आलं. शिकलेला माणूस अशा वेळी सल्ला घेतो. मी मोटारशौकिनांच्या एका ऑनलाइन ग्रुपवर शुद्ध मराठीत लिहिलं : "सर्व सन्माननीय सदस्यांस सप्रेम नमस्कार. जुने क्रीडावाहन खरेदी करताना कोणती दक्षता घ्यावी?"

पहिलं उत्तर आलं : "क्रीडावाहन म्हणजे सायकल का भाऊ?"

मग धो धो सल्ले. एक म्हणाला, इंजिन थंड असताना बघा. दुसरा म्हणाला, गरम असताना बघा. तिसरा म्हणाला, बघूच नका. दोघं एकमेकांच्या गाड्यांची लायकी काढायला लागले आणि मला विसरून गेले! शेवटी 'टर्बोदादा' नावाच्या एका अनुभवी सदस्यानं लिहिलं : "विकणाऱ्याला तुमचा आनंद दिसला की तुम्ही संपलात. साधे कपडे घाला. सगळ्या घरानं चेहरा पाडून जा." त्याला ढीगभर अंगठे मिळाले होते. मी हे वाक्य शिरसावंद्य मानलं आणि घरात तालीम सुरू केली.

तात्यांना तालमीची गरज नव्हती. त्यांचा चेहरा लग्नाच्या फोटोतही पडलेलाच आहे. अडचण आईची. तिला गाडीनं सांगलीला जायचं म्हटलं तरी हसू फुटायचं.

"आई, हसू नकोस तिथं."

"मग काय रडू?"

"रडलीस तर फारच छान!"

"आसं कसं रडू येईल गड्या, मोटार बघून?"

"मेलेली म्हैस आठव आपली."

हे मी बोलायला नको होतं. एस.टी.नं पलूस मागं टाकलं आणि आईला म्हैस आठवली, ती सांगली येईपर्यंत आठवतच राहिली. डोळे लाल, पदर नाकाला, मांडीवर दुपारच्या भाकरीचा डबा. शेजारी पांढरी टोपी, पांढरं धोतर घातलेले तात्या. मीही पांढरा शर्ट घातला होता. (साधे कपडे!)

सांगलीत रिक्षा केली. मी कॉलनीचं नाव सांगितलं. रिक्षावाल्यानं आमच्याकडं एकदा बघितलं आणि न सांगता गाणं बंद केलं.

"कळलं," तो हळू आवाजात म्हणाला. "सकाळधरनं तिसरी खेप हाय माझी तिकडं."

तिसरी खेप! म्हणजे आमच्या आधी गिऱ्हाइकं पोचलेली!

त्यानं एका घरासमोर सोडलं. दारात चपलांचा ढीग. अंगणात सतरंजीवर पुरुष माणसं बसलेली, सगळी पांढऱ्या कपड्यांत आणि सगळ्यांचे चेहरे पडलेले. मी थक्क झालो. हे सगळे आपल्याच ग्रुपचे सदस्य! सगळ्यांनी टर्बोदादाचा सल्ला वाचलाय! आणि काय एकेकाची तयारी! कोपऱ्यातला एक म्हातारा तर चक्क डोळे पुसत होता. आता यांच्यापुढं आपला टिकाव लागायचा तर चेहरा आणखी पाडायला हवा, म्हणून मी खालचा ओठ बाहेर काढला आणि शेजारच्याच्या कानाशी लागलो.

"तुम्ही आत जाऊन बघितली?"

"बघितली," तो सुस्कारा टाकून म्हणाला. "काल रात्रीच. झोपल्यावानी दिसत हुती."

गाडीबद्दल इतक्या मायेनं बोलणारा शौकीन मी पहिल्यांदाच बघत होतो.

तेवढ्यात आतून चार बायका आल्या आणि थेट आईच्या गळ्यात पडल्या. "कशी गं सोडून गेलीऽऽ!" आईनं म्हशीसाठी साठवलेलं सगळं बाहेर काढलं. हंबरडाच! अंगण हेलावलं. तात्यांनी माझ्याकडं मान वळवली. ती हलवली नाही, नुसती वळवली.

"आरं लेका," ते पुटपुटले, "ह्ये मयताचं घर हाय."

मी ओठ आत घेतला.

उठून जावं, तर कसं? आईला चौघींनी मिठीतच आत नेलेलं. आणि यजमान, म्हणजे घरातला थोरला मुलगा, डोकं धरून आमच्यासमोरच येऊन बसलेला. त्यानं विचारलं, "कुठनं आलासा?"

"कुंडल," तात्या म्हणाले.

"लय लांबनं आलासा."

तात्यांना काहीतरी बोलणं भाग होतं. आणि गेलंय कोण हेच आम्हाला माहीत नव्हतं. 'चांगला होता' म्हणावं तर बाई निघायची, 'चांगली होती' म्हणावं तर बाप्या. शेजारच्याचं ते 'हुती' आणि बायकांचं 'गेली' दोघांपैकी कुणालाच आठवलं नाही. तात्यांनी खाकरून घेतलं आणि म्हणाले,

"लय चांगलं माणूस हुतं."

नपुंसकलिंग! चौथीत शाळा सोडलेल्या माझ्या बापानं मराठीतलं तिसरं लिंग असं वापरलं, की मी फर्स्ट क्लास विसरलो.

"शेवटची भेट कवा झाली हुती?" थोरल्यानं विचारलं.

"आता... आजच म्हणायची," तात्या म्हणाले.

एवढ्यात आतली एक बाई आमचा डबा घेऊन आली. "बापू, कुंडलच्या पाव्हण्यांनी कडू घास आणलाय."

मयताच्या घरी चूल पेटत नाही. जवळचे पाहुणे भाकरी घेऊन येतात, तो कडू घास. आमचं दुपारचं जेवण कडू घास होऊन अंगणात आलं होतं. मी काही बोलणार, तोच तात्यांनी माझा दंड दाबला.

बापू, म्हणजे तो थोरला मुलगा, नको नको म्हणत होते. कालपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं म्हणे त्यांनी. तात्या उठले, भाकरीचा तुकडा मोडून पिठल्याला लावला आणि त्यांच्या हातात दिला. "खावा. एवढा खावा." बापूंनी घास तोंडात घातला आणि चावता चावताच ते रडायला लागले.

"आक्का आशीच थापायची," ते आईबद्दल म्हणाले. "कडंला जाड."

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

आणि त्या शांततेत माझ्या खिशातून स्पोर्ट्स कार सुरू झाली! भर्रर्र... व्ह्रूऽऽम! (ग्रुपवरच मिळालेली रिंगटोन होती. आवाज फुल्ल.) मी खिसा दाबला, मांडी दाबली, तात्यांनी मला दाबलं. गेटापाशी कानाला फोन लावून उभा असलेला एक माणूस वळून माझ्याकडं बघत राहिला. तोच तो हळदीचा व्यापारी. शेजारच्याच घरात राहणारा, दुखवट्याला आलेला आणि बाजूला होऊन गिऱ्हाइकाला फोन लावणारा!

बाहेर आल्यावर त्यानं मला गाडी दाखवली. लाल. भिंतीपलीकडंच उभी. काचेत मी दिसत होतो, भांग विस्कटलेला.

"संध्याकाळी कोल्हापूरचे येणार आहेत," व्यापारी कुजबुजला. "ते घेऊनच जातील. तुम्ही आत्ता हो म्हणा, तुमची."

मी तात्यांकडं बघितलं. तात्यांनी मान हलवली. आडवी.

"सुतकात वाहन घेत न्हाईत."

"आवं तात्या, सुतक कसलं? ती आपली कोण?"

"कडू घास कुणाचा गेला त्येंच्या पोटात? आपला. परक्याच्या हातनं कडू घास घेत न्हाईत रं. आता तेराव्यापतूर इषय बंद."

"पण ती चूक होती!"

"भाकरी खरी हुती," तात्या म्हणाले आणि रिक्षा बघायला लागले. आई अजून डोळे पुसत होती. आता ते म्हशीसाठी नव्हतं.

संध्याकाळी कोल्हापूरकरांनी गाडी नेली.

तेराव्याचं निमंत्रण बापूंचा माणूस घरी येऊन देऊन गेला. एस.टी.नं गेलो. बापूंनी मला हाताला धरून सगळ्या भाऊबंदांपुढं उभं केलं. "हे कुंडलचं पाव्हणं. पदवीधर हायती. आमचं लय जवळचं."

"आसं व्हय? न्हाई, कवा बघितलं न्हाई म्हनून इचारतो," एक म्हातारे चष्मा सावरत म्हणाले. "नातं कुणाकडनं म्हनायचं? आक्काच्या माहेरकडनं का आप्पांकडनं?"

सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. शिकलेल्या माणसानं खोटं बोलू नये.

"गाडीकडनं," मी म्हणालो.