नाव बदललं तर आवाज बदलतो का?

पहिल्या दिवशी साहेबांनी मला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "मॅडम, घाबरू नका. एमडीएफवरून पेअर येते, ती लेनला लागते, एमआर कॉल बघतो, टीएक्स बिल करतो. बस, एवढंच."

एवढंच म्हणे! अहो, एवढंच होतं तर माझ्या नवऱ्याचे केस ऐन पस्तिशीत कशाला पिकले? मी मान डोलावली. न समजता मान डोलवायची सवय मला लग्नानंतर लागली होती, ती अशी उपयोगाला आली.

अंबरनाथच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझे मिस्टर होते. साध्या तापाचं निमित्त झालं आणि गेले. त्यांच्या जागेवर अनुकंपा म्हणून मला घेतलं. खुर्ची तीच, टेबल तेच, ड्रॉवरमध्ये त्यांची अर्धी राहिलेली तंबाखूची पुडी तशीच. मी बदलापूरची, कात्रपला वाढलेली, बारावी कॉमर्स. टेलिफोनचं मला एकच ज्ञान होतं: वाजला की उचलायचा.

आणि इथे सगळा अक्षरांचा बाजार. भिंतीवर अक्षरं, कपाटांवर अक्षरं, स्क्रीनवर तर अक्षरांशिवाय दुसरं काही नाहीच. एमडीएफ म्हणजे तळमजल्यावरची ती मोठी लोखंडी मांडणी, जिथे गावभरच्या तारा येऊन मिळतात, हे मी पाठ केलं. पण टीएक्स म्हणजे बिलाचं काम बघणारा भाग, तो का? त्यात टी कशाचा आणि एक्स कशाचा? मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "तसंच आहे, मॅडम. पाठ करा." मग एमक्यू? "तेही तसंच." ग्राहकाची माहिती बघायची तर टाइप करायचं 'अबोइन'. ग्राहकाचा फोन कायमचा काढून टाकायचा तर 'अबोसु'. हे काय, मंत्र आहेत का भुताचे? शेवटी वैतागून साहेबच म्हणाले, "अहो, मशीन फ्रान्सकडचं आहे. ती अक्षरं इंग्रजी नाहीतच, फ्रेंच आहेत. मलापण अर्थ माहीत नाही. सगळ्या महाराष्ट्रात कोणाला माहीत नाही. पण चालतं ना?"

चालतं खरं. मला तर धक्काच बसला. म्हणजे उल्हासनगरच्या फर्निचरवाल्या सिंधी शेठने "वरी साईं, फोन डेड है" म्हणून बोंब मारली, की आम्ही मोरिवलीच्या नि बदलापूरच्या बाया इथे बसून फ्रेंच टाइप करायचो. कोणाला सांगून खरं वाटलं नसतं.

घरी सांगावं, तर घरी सांगायला होतं कोण? सासू. मोरिवलीत आमचं जुनं घर, एमआयडीसीच्या कंपन्यांच्या भिंतीला लागून. मुलगा गेल्यापासून सासू माझ्याशी कामापुरतंच बोलायची. मी त्याच्या खुर्चीवर बसायला लागले, मग तेवढंही बंद. सकाळी तांदळाची भाकरी नि सुकटीचा डबा भरून ओट्यावर ठेवायची, तोंडाने काही नाही. मी "येते आई" म्हणायचे. उत्तर नाही. मला राग यायचा. अहो, माझाही नवरा गेला होता ना! पण म्हातारीशी भांडायचं कसं?

ह्यांची एक सवय होती. जेवायच्या सुट्टीत डबा उघडला, की आधी घरी फोन लावायचे. ऑफिसात सगळे हसायचे, कोणी विचारलं तर "लाइन टेस्ट करतोय" म्हणायचे. पलीकडून आई विचारायची, "जेवलास काय?" हे म्हणायचे, "जेवतोय. तू जेव. ठेव आता, लाइन अडकते माझी." झालं, एवढंच बोलणं. पण एक दिवस चुकला नाही.

हे मी आधी का सांगून ठेवलं, ते कळेल.

मला हळूहळू तक्रारींच्या टेबलावर बसवलं. तिथे स्क्रीनवर बिघडलेल्या लाइनी दिसायच्या, प्रत्येकीपुढे काय झालंय त्याची दोन-तीन अक्षरं. त्यातलं एक होतं 'पीजी'. साहेब म्हणाले, "पर्मनंट ग्लो. जुन्या एक्स्चेंजात कोणी रिसीव्हर खाली ठेवायला विसरलं की त्याच्या नावाचा दिवा पेटून राहायचा. आता दिवे गेले, नाव राहिलं." हे एक मात्र मला पटकन कळलं. आमच्या घरातही तसंच झालं होतं.

आणि मग एका दुपारी त्या पीजीपुढे मला माझ्या घरचाच नंबर दिसला.

पहिल्यांदा वाटलं, चुकून नीट ठेवला नसेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रोज. सकाळी लाइन चांगली, संध्याकाळी मी घरी जाऊन उचलला तर टोन चांगला, आणि दुपारी जेवायच्या वेळेला पीजी. हे काय गौडबंगाल? अबोइन टाकून बघितलं, सगळं ठीक. माझं डोकं भणाणलं. लाइनमनला बोलावून झापलं, "मोरिवलीच्या केबलमध्ये पाणी गेलंय, दुसरं काही नाही. रोज दुपारी मरते माझी लाइन, आणि तुम्ही चहा पीत बसा!" तो ह्यांच्या बरोबरीचा, बिचारा "बघतो वहिनी" म्हणत खांबावर चढला, उतरला, डोकं खाजवत आला. "वहिनी, केबल कोरडी आहे. मला काय समजत नाय." मला तरी कुठे समजत होतं!

त्यातच साहेबांनी एक दिवस जवळ बोलावलं. आवाज खाली करून म्हणाले, "मॅडम, तुमच्या घरचा फोन अजून मिस्टरांच्या नावावर आहे. कर्मचारी गेला की त्याचा फोन बंद करावा लागतो. वरून आता दोनदा विचारणा झाली, त्यात लाइन सारखी पीजी. महिनाअखेरपर्यंत तुमच्या नावावर करून घ्या. वारस म्हणून आईंचा अंगठा लागेल. नाही तर अबोसु टाकावं लागेल, आणि तेही काम सध्या तुमच्याच टेबलावर आहे."

म्हणजे माझ्याच नवऱ्याचा फोन मीच कायमचा काढून टाकायचा. मला क्षणभर समजेना, हसावं की रडावं. आणि नंबर एकदा गेला की गेला, तो दुसऱ्याला मिळणार.

संध्याकाळी फॉर्म घेऊन सासूपुढे बसले. समजावलं. नाव फक्त बदलायचं, बाकी काही नाही. तर कित्येक दिवसांत पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली. काय बोलली? "त्याची खुर्ची घेतलीस, आता फोन पन घेतंस काय? नय देनार अंगठा."

मी फॉर्म तिथेच टाकून आत गेले आणि उशीत तोंड खुपसून रडले. मग उठून भांडी घासली. दुसरं काय करणार!

महिना संपत आला. फॉर्म कपाटावर पडून. तो विषय काढला की म्हातारी उठून ओट्याशी जायची. आणि पीजी रोजचं रोज. शेवटी एक दिवस मला राहवलं नाही. म्हटलं, केबल नाही, मशीन नाही, मग आहे तरी काय? जेवायची सुट्टी व्हायच्या आधीच साहेबांना सांगून निघाले, रिक्षा केली आणि मोरिवलीला घरी आले. दार लोटलेलं होतं.

सासू जमिनीवर बसली होती. पुढ्यात ताट. भात, सुकटीचं कालवण. आणि ताटाशेजारी, पाण्याच्या तांब्याजवळ, फोनचा रिसीव्हर. तार ताणून आणलेली. ती घास घ्यायची, मग डाव्या हाताने रिसीव्हर कानाला लावायची, पुन्हा खाली ठेवायची, पुन्हा घास.

"आई, हे काय करताय?" माझा आवाज चढलाच. "रोज तुम्हीच करता का हे? मी त्या लाइनमनला किती बोलले! तिथे आपला नंबर रोज लागतोय पीजीत!"

पीजी काय ते तिला काय कळणार. ती दचकली, पण रिसीव्हर सोडला नाही. मग हळूच म्हणाली, "त्याचे हापिसातून येतंय ना यो आवाज?"

"कुठला आवाज?"

तिने रिसीव्हर माझ्याकडे केला. मी कानाला लावला. काहीच नाही, मुकाट. ती म्हणाली, "आता गप झाला. आधी हूं करतंय. मंग टूक टूक. मंग वरडतंय मोठ्यानं, ठेव म्हनून सांगतंय. मी नय ठेवीत. मंग गप होतंय."

मी तिच्याशेजारी खाली बसले. डायल टोन, मग बिझीचा टोन, मग तो कर्कश हाउलर, रिसीव्हर खाली ठेवा म्हणून सांगणारा. आणि मग मशीन कंटाळून लाइन सोडून देतं आणि माझ्या स्क्रीनवर लिहितं, पीजी. आमच्याकडे त्याला नावं होती. हिच्याकडे त्याला नाव नव्हतं, नुसता मुलगा होता. तो बसायचा त्या मशीनपाशी, मशीनचा आवाज येतो, म्हणजे त्याच्याकडचाच की! तिला तिची चूक सांगावी असं वाटलं, पण चूक नेमकी कुठे आहे तेच मला सांगता येईना. अजूनही येत नाही.

"आई, फोन बंद होणार आहे हो," मी म्हटलं. "अंगठा नाही दिला तर हा आवाजपण जाईल. काहीच येणार नाही."

तिने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "नाव बदाललं तं आवाज बदालंल काय गो?"

ह्याचं उत्तर मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. नाव बदलायचा हुकूम कसा टाइप करायचा ते पाठ होतं, पण टोन नावाला लागतो की नंबराला लागतो की तारेला, कोण जाणे! त्या फ्रेंच अक्षरांचा काय भरवसा? मी म्हटलं, "विचारून सांगते."

परत जाऊन साहेबांना विचारलं. ते आधी हसले, मग माझं तोंड बघून नीट सांगायला लागले. "टोन कोणाचाच वेगळा नसतो, मॅडम. सगळ्या गावाला एकच. एकाच ठिकाणाहून सगळ्यांना जातो. आमदाराला तोच आणि पानवाल्याला तोच."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. सगळ्या अंबरनाथला जो आवाज, तोच तिला तिच्या एकटीचा वाटत होता. हे आता घरी जाऊन सांगायचं? रिक्षात बसून मी तेच घोकत होते, सांगू की नको. घरात पाय टाकला तर ती दारातच उभी. मी म्हटलं, "नाही बदलत, आई. तोच राहतो."

बाकीचं गिळलं. खोटं बोलले नाही आणि खरंही पुरतं सांगितलं नाही. तिने अंगठा दिला. शाई पुसायला मी फडकं दिलं, तर तिने पदरालाच पुसला.

दुसऱ्या दिवशी माझ्या हाताने मी ह्यांच्या नावाच्या जागी माझं नाव टाकलं. मशीनने दोन-चार अक्षरं दाखवली, काम झालं म्हणून. मशीनला काय त्याचं? मी स्क्रीन बंद करून बाहेर पाणी पिऊन आले.

फोन वाचला. पण मग मला एक हुरहुर लागली. डबा उघडला, की वाटायचं आपणही लावावा घरी. लावायचे. टूक टूक टूक, बिझी. लागणार कसा? रिसीव्हर ताटाशेजारी! म्हणजे मी फोन लावतेय मोरिवलीला आणि ती बसलीय इथलाच आवाज ऐकत, आणि आम्ही दोघी एकमेकींना लागत नाही. एकदा घरी म्हटलं, "आई, दुपारी रिसीव्हर खाली ठेवत जा ना. मी करत जाईन फोन." ती भाकरी थापत राहिली. मी पण पुन्हा काढलं नाही. म्हटलं, राहू दे तिचं तिच्यापाशी!

असे खूप दिवस गेले. आणि मग एका दुपारी स्क्रीनवर आमचा नंबर दिसलाच नाही. पीजी नाही. लाइन मोकळी. मला आनंद व्हायच्या ऐवजी घामच फुटला. रोजचं पीजी नाही, म्हणजे रिसीव्हर उचलणारी कुठे गेली? पडली? की आणखी काही? डबा बाजूला सारून नंबर फिरवला. रिंग जात होती. जातेय, जातेय. लाइनमन समोरून काहीतरी बोलला, मी हातानेच गप्प केलं.

उचलला. पलीकडे काहीच नाही, नुसता श्वास. मग तिचा आवाज आला.

"जेवलीस काय गो?"

डबा अजून बंदच होता. मी म्हटलं, "जेवतेय, आई. तुम्ही जेवा."

"ठेव मंग," ती म्हणाली. "लाइन अडकतंय."

तिने ठेवला. मला ठेवता येईना. मी तशीच बसून राहिले, कानाला लावून. टूक टूक झालं, मग ते मोठ्याने ओरडायला लागलं, तेव्हा पलीकडच्या टेबलावरून साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचा फोन खाली ठेवा."