पायऱ्यांचे गुण

सुवर्चलाम्मा नवऱ्याला सोडून अमेरिकेला पळणार, अशी बातमी आमच्या दिलसुखनगरच्या गल्लीत उठली, ती त्यांचे यजमान शेषगिरीराव स्वतः चिंच कोळताना दिसले म्हणून. बातमी निम्मी खरी होती. बाई अमेरिकेला जाणार होत्या, पण संख्याशास्त्र शिकायला आणि नवऱ्याच्याच आग्रहाने. कॉलेजने रजा यंदापुरतीच दिलेली. त्याआधी तिथल्या प्रवेशासाठीच्या जीआरई परीक्षेत गणिताला जवळजवळ पूर्ण गुण हवे होते. हात्तिच्या! जन्मभर गणितच तर शिकवलेलं. क्लास लावला तो इंग्रजी शब्दांसाठी.

पहिल्याच सराव परीक्षेत नेमकं गणित आपटलं. निम्मे प्रश्न राहूनच गेले. कच्चा कागद पाहिला तर त्यावर समास आखलेला, वर ‘दिलेले’, खाली ‘म्हणून’, उत्तराला दोन रेघा!

“अहो, संगणक पायऱ्यांचे गुण देत नाही,” मी म्हटलं.

“कळतं हो अक्का. पण पायरी गाळली की चोरी केल्यासारखं वाटतं.”

क्लासात त्यांचीच जुनी विद्यार्थिनी शेजारी बसायची. ती म्हणाली, “मॅडम, एका पायरीसाठी माझा अर्धा गुण कापला होतात. फेडताय वाटतं!”

मग आवकायच्या, म्हणजे तिखटजाळ लोणच्याच्या, कैऱ्या आणायला आम्ही दोघी बाजारात गेलो. सारख्याच भावाचे दोन ढीग. बाईंनी लांबूनच बोट दाखवलं, “डावीकडचा मोठा.”

“वजन न करता?”

“खालचे थर सारखेच आहेत. वरच्या कैऱ्या बघा की!”

मी कमरेवर हात ठेवले. “समास कुठाय? ‘दिलेले’ कुठाय?”

बाई पिशवी धरून तिथेच थबकल्या. परीक्षेत कितीतरी प्रश्न असेच असतात. दोन राशी देतात, मोठी कुठली तेवढंच विचारतात. आणि बाई दोन्ही राशी दशांशापर्यंत सोडवत बसायच्या!

त्या दिवसापासून दोन्हीकडचं सारखं खोडायचं, उरलेलं बघायचं. समास आखायला हात शिवशिवला की स्वयंपाकघरातून शेषगिरीराव ताटली बडवत. गल्लीला वाटलं, आता भांडणं सुरू झाली.

परीक्षा झाली तशा बाई पूतरेकुलूची मिठाई घेऊन थेट माझ्याच दारात. “हवे तेवढे गुण पडले, अक्का! वर वेळही उरला!”

“म्हणजे आता पोरांना पायऱ्या माफ?”

सुवर्चलाम्मा म्हणाल्या, “मुळीच नाही. मला परीक्षा द्यायची होती. त्यांना गणित शिकायचंय.”