काकांचा पस्ताना

एकाच वेळी दोन ठिकाणी राहण्याची सिद्धी या कलियुगात फक्त आमच्या समोरच्या काकांना लाभली आहे. शिकागोची थंडी ते वैयक्तिक अपमान समजतात. दिवाळी आटोपली की काका-काकू टेक्सासमधल्या शुगर लँडला लेकीकडे पळायचे, ते गुढीपाडव्यालाच परत. पण करोनाच्या पहिल्या हिवाळ्यात नुकत्याच बाळंत झालेल्या लेकीनं बजावलं, "बाबा, लस मिळेपर्यंत विमानात पाय ठेवायचा नाही!"

ऐकतील तर ते काका कसले! मुहूर्त पाहून, मास्क लावून, बॅग घेऊन ते माझ्या दारात हजर. "पस्ताना ठेवतोय तुझ्याकडे." मुहूर्तावर निघणं जमलं नाही तर थोडं सामान दुसऱ्याच्या घरी ठेवायचं, की प्रवास सुरू झाला, असं जुनी माणसं मानत. इलिनॉयमध्ये हे शास्त्र मी प्रथमच पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी ढीगभर बर्फ पडला. मी फावड्यानं उपसतोय आणि काका खिडकीत, अर्ध्या चड्डीत, गार सरबत पीत उभे! "काका, तुमचा ड्राइव्हवे कोण क्लीन करणार?"

"अरे, पण मी निघालोय ना! टेक्निकली टेक्सासमध्ये आहे."

झक मारत मीच उपसला. पुढं सगळा हिवाळा उपसला.

वर पस्ताना शिळा होतो म्हणे! म्हणून दर थोड्या दिवसांनी काका यायचे, पोर्चवर पाठमोरे बसून बॅगेत उलथापालथ करायचे आणि नव्या मुहूर्तावर ती परत माझ्या कोटांच्या कपाटात ढकलायचे. एकदा माझं डोकंच फिरलं. "काका, एकदाच काय ते नीट भरा की!"

"भरतो रे. पण ती थांबत नाही ना," काका म्हणाले आणि त्यांनी हातातलं पिवळं झबलं दाखवलं. नात वाढेल तसं ते मोठ्या मापाचं आणून बॅगेत घालत होते. "हे लहान झालं, तुझ्याकडेच ठेव. घरी दिसलं की काकू रडते." माझा राग कुठल्या कुठे गेला.

लस मिळाली आणि इकडचा बर्फ वितळल्यावर, तिकडे अंग भाजणारं ऊन पडल्यावर, काका एकदाचे गेले. फोटो आला: फ्रॉक घालून, काकांचं बोट धरून नात उभी. मी फोन केला, "काका, लहान झालेली झबली पाठवू का?"

"राहू दे रे. ती घालणारी मला भेटलीच नाही."