हेडलीचे दगडाखालचे शिक्के

हेडली कॉन्टरने जन्मभर दोनच कामं केली. दिवसा दगडी कुंपणं रचली आणि फावल्या वेळात रबराचे शिक्के कोरले. कुंपणांनी त्याचं पोट भरलं, पण जीव शिक्क्यांत. बुटाच्या जुन्या टाचा, शाळकरी खोडरबर, हाताला लागेल ते घेऊन तो खिडकीशी बारीक पात्याने कोरत बसायचा. सगळ्या गावाला अनवाणी करशील, असं मी त्याला म्हणायचो. तो वर न बघता म्हणायचा, तुझ्या टाचा नकोत, त्यांना मेंढरांचा वास येतो.

इंग्लंडातल्या आमच्या डार्टमूरच्या माळावर हे वेड जुनं आहे. कुणीतरी शिक्का कोरतो, एका वहीसोबत डब्यात घालतो आणि एखाद्या खडकाच्या पोटात लपवून येतो. दुसरा कुणी पावसावाऱ्यात तंगडतोड करून तो हुडकतो, आपल्या वहीत त्याचा ठसा घेतो, डब्यातल्या वहीत आपला उमटवतो आणि डबा होता तसा ठेवून घरी जातो. संपलं. मी मेंढरं राखणारा माणूस. माळावर मी हरवलेलं शोधायला जातो, मुद्दाम लपवलेलं नाही. त्यामुळे मला हे खूळ कधी कळलं नाही. पण हेडलीचे ठसे बघितले की माझी टकळी बंद व्हायची. धुक्यात उभं असलेलं शिंगरू, अर्धवट उघडं फाटक, पाण्यात वाकून बघणारी बाभळीसारखी काटेरी फांदी. काळी शाई आणि कोरा कागद, एवढंच असायचं, तरी त्यात वारा वाहतोय असं वाटायचं.

बाकीचे लोक आपल्या डब्यांच्या खुणा छापून वाटतात. हेडली ताकास तूर लागू देत नसे. एखादा माणूस मनात भरलाच तर पबच्या कोपऱ्यात त्याच्या कानाशी लागे, आणि तेही अर्धंच सांगे. कागदावर एक अक्षर नाही. ज्यांच्या कानात सांगितलं ते म्हातारे एकेक करून गेले, आणि मग हेडलीच्या डोक्यातही धुकं उतरायला लागलं.

त्याची मुलगी थर्झा नोकरी सोडून त्याच्याजवळ राहायला आली. त्याच वर्षी जवळच्या शहरातल्या संग्रहालयाने माळावरचे शिक्के आणि वह्या लोककला म्हणून जपून ठेवायचं ठरवलं. ज्याच्या त्याच्या माळ्यावरून, फडताळांतून गोष्टी निघाल्या. हेडलीच्या वह्या होत्या, पण त्यांत दुसऱ्यांचे ठसे. त्याने स्वतः कोरलेला एकही शिक्का घरात नव्हता. सगळे बाहेर, दगडांखाली. थंडीने रबर तडकतं, डब्यात पाणी शिरतं, मग हातात धरलं तरी भुगा होतो.

थर्झाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरून त्याला विचारून पाहिलं. तो तिला चहा ओतून द्यायचा आणि नकाशावरचं कुठलं कुंपण कुणी वाईट रचलंय ते सांगायचा. एकदा ती माझ्या अंगणात येऊन उभी राहिली, डोळे लाल.

"एक तरी शिक्का हवा, टॅपरकाका," ती म्हणाली. "उद्या बाबा गेले की त्यांच्या हातचं मी कुठल्या दगडाखाली शोधू?"

मी म्हटलं, नकाशा चुलीत घाल. म्हातारी घोडी वाट विचारत नाही. त्याला माळावर सोड आणि मागून चाल.

मे महिना होता. धुकं इतकं विरळ होतं की ऊन त्यातून गाळल्यासारखं येत होतं, आणि गवतावर सगळीकडे कोळ्यांची जाळी चमकत होती. हेडली पुढे, आम्ही दोघं मागे. सकाळपासून तो थर्झाला ओळखत नव्हता. अदबीने 'बाई' म्हणत होता, चिखल आला की हात देत होता. पण पाय! घरात संडासाची वाट चुकणारा माणूस त्या दलदलीत एकदाही घसरला नाही. कुठे खडक उगवायचे, कुठे विरघळायचे, कुठूनसा चंडोल गात होता आणि दिसत नव्हता. आपण चालत नसून माळच आपल्या पायांखालून हळूहळू सरकतोय, असं मला वाटायला लागलं. मला तर तिथून परत यायचीच इच्छा नव्हती.

एका खडकाशी तो थांबला. मी त्या खडकावर बसून शंभरदा भाकरी खाल्ली असेल. त्याने गुडघे टेकले, एका दगडावर तळवा ठेवला, दुसरा हलकेच फिरवला, आणि आतून डबा काढला.

झाकण घट्ट होतं. आत सगळं कोरडं. त्याने कोटाच्या खिशातून शाईची गादी आणि स्वतःची वही काढली, त्या त्याच्या खिशात कायम असत, आणि शिक्का दाबून उचलला. दोरीवर चादर वाळत घालणारी एक बाई, पाठमोरी. वाऱ्याने चादर फुगलेली, हात वर, आणि डाव्या पायातला मोजा घोट्यापर्यंत घसरलेला.

थर्झाने तोंडावर हात ठेवला. तिच्या आईचा, आयव्हीचा, डावा मोजा जन्मभर तसाच घसरायचा. आयव्हीला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

हेडली मात्र ठसा उजेडात धरून लहान मुलासारखा हसत होता.

"काय हात आहे बघा! कुणी कोरलं असेल हो हे?"

"तुम्हीच, बाबा."

"मी? बाई, मी कुंपणं रचतो."

थर्झाने शिक्का रुमालात गुंडाळला आणि पिशवीत टाकला. हेडलीचं हसू गेलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मी त्या दिवशी पाहिला.

"तो आत ठेवा."

"बाबा, इथे तो कुजेल. मी जपून ठेवणार आहे."

"मागून येणाऱ्याने काय बघायचं? रिकामा डबा? कुणी शिकवलं नाही तुम्हाला?"

"शिकवलं," थर्झा म्हणाली. "माझ्या बाबांनी."

"मग त्यांचा तरी मान राखा."

मी दुसरीकडे बघत उभा राहिलो. मला रडू आलं होतं आणि ते कुणाला दाखवायचं नव्हतं. थर्झा तशीच बसली होती, पिशवी छातीशी धरून. तेवढ्यात हेडलीने डब्यातली वही उघडली, शाईचा अंगठा उमटवला आणि खाली सावकाश, एकेक अक्षर जुळवत काहीतरी लिहिलं. मग वही तिच्याकडे दिली आणि शाई वाळेपर्यंत मिटू नका म्हणून बजावलं.

तिने वाचलं. मग मलाही दाखवलं. लिहिलं होतं: 'हे कोरणारा कोण ते ठाऊक नाही. पण या बाईवर त्याचा फार जीव असणार.'

शाई वाळेपर्यंत आम्ही तिघं तिथे बसलो. मग थर्झाने रुमाल सोडून शिक्का डब्यात ठेवला, वर वही ठेवली, आणि दगड नीट बसला की नाही ते बाबांना विचारलं.