डार्करूमबाहेरची बी.एस्सी.

आमच्या वेळी बी.एस्सी.ला एक विषय 'प्रिन्सिपल' असे आणि दुसरा 'सब्सिडिअरी'. मी फिजिक्स प्रिन्सिपल घेतलं, गणित सब्सिडिअरी. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यातला एकच शब्द नीट ऐकला आणि ते ज्या भातगिरणीत हिशेब लिहायचे तिथे सांगून टाकलं की आमची मुलगी प्रिन्सिपल होणार. पनवेलमध्ये बातमीला पाय फुटायला वेळ लागत नसे. कोन गावाहून भाताची गाडी घेऊन आलेला एक शेतकरी आमच्या ओटीवर पाणी प्यायला थांबला, मला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाला, "ही प्रिन्शिपाल? एवडीशी त हाय!"

मला प्रिन्सिपल व्हायचंच नव्हतं. मला डेमॉन्स्ट्रेटर व्हायचं होतं. मुलांना प्रयोग लावून द्यायचे, त्याचा पगार घ्यायचा आणि मुख्य म्हणजे उपकरणांना हवा तेव्हा हात लावायचा, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. त्यासाठी डिग्री हवी होती. डिग्रीसाठी पेपर, प्रॅक्टिकल आणि हजेरी हवी होती. त्यातलं काही कमी पडलं की टर्म मिळत नसे, आणि टर्म नाही तर परीक्षेला बसणं नाही. पनवेलला तेव्हा कॉलेज नव्हतं, म्हणून मी रोज एस.टी.ने ठाण्याच्या बाजूच्या एका कॉलेजात जायची. फिजिक्सच्या वर्गात मी एकटीच मुलगी.

उष्णता झाली, वीज झाली, चुंबक झाले. यांपैकी कशानेही कुणाच्या अब्रूला धक्का लागला नाही. माशी शिंकली ती प्रकाशापाशी. प्रकाशाचे प्रयोग डार्करूममध्ये करायचे असत, आणि तेही जोडीने. एका रात्री जेवताना मी सहज सांगितलं की उद्यापासून डार्करूम.

"म्हणजे काय?" अण्णांनी विचारलं.

"अंधारी खोली."

"आणि आत कोण कोण असतं?"

"मी आणि माझा पार्टनर."

आईची कढी वाढणारी पळी हवेतच थांबली. जगात इतके शब्द असताना मला तोच का सुचला, हे मला अजून कळलेलं नाही. पार्टनर म्हणजे हजेरीपटावर माझ्या पुढचं नाव असलेला एक गरीब स्वभावाचा मुलगा होता. त्याचा निम्मा तास चष्मा पुसण्यात जायचा. पण हे ऐकून घ्यायला कोणी जागेवर असेल तर ना!

दुसऱ्या दिवशी अण्णा माझ्याबरोबर एस.टी.त चढले आणि थेट फिजिक्सच्या विभागप्रमुखांपुढे जाऊन बसले. मला वाटलं होतं, सर त्यांची समजूत घालतील. सर अण्णांपेक्षा जास्त घाबरलेले निघाले. त्यांनी तिथल्या तिथे हुकूम काढला की मुलीचा प्रयोग असेल तेव्हा डार्करूमचं दार उघडं राहील. अण्णा समाधानाने परत गेले. मग आतल्या मुलांनी ओरडा केला की उजेड येतो, आम्हाला काही दिसत नाही. त्यावर माझं टेबल उचलून बाहेर, व्हरांड्यात आणून ठेवण्यात आलं आणि दार बंद झालं. पार्टनर आत, दुसऱ्या जोडीबरोबर.

पहिलाच प्रयोग रिंग्जचा. काचेवर भिंग ठेवायचं, सोडियमचा पिवळा दिवा लावायचा आणि मायक्रोस्कोपमधून एकात एक उमटलेली काळी-पिवळी कडी मोजायची. व्हरांड्याच्या लख्ख उजेडात मला माझ्या पापण्यांशिवाय काही दिसेना. सरांना सांगितलं तर म्हणाले, "मन लावून बघा." पुन्हा सांगितलं तर म्हणाले, "प्रकाशाचे प्रयोग झाले नाहीत तर टर्म मिळणार नाही हं. नियम आहे." दोन्ही नियम त्यांचेच होते आणि दोन्ही ते तितक्याच प्रेमाने पाळत होते. त्या संध्याकाळी मी एस.टी.त खिडकीकडे तोंड करून रडले. दुःखाने नाही, संतापाने.

घरी आल्यावर आईची काळी चंद्रकळा दुहेरी करून डोक्यावर घेतली आणि दिव्याकडे पाहिलं. नेसून नेसून ती इतकी विरली होती की आरपार सगळं दिसत होतं. मागच्या आळीतल्या खाला आईकडे लोणच्याची बरणी परत करायला आल्या होत्या. हा काय प्रकार म्हणून त्यांनी विचारलं, मी सगळं सांगितलं, आणि त्या हसता हसता उंबऱ्यावरच बसल्या. मग घरी जाऊन आपला जुना बुरखा घेऊन आल्या.

"घे बेटी. याच्यात किरण शिरत नाय. आमी एवढी वर्षं आत राहून बघितलाय!"

आईने माझ्याकडे बघितलं, बुरख्याकडे बघितलं, आणि तो घडी करून माझ्या पिशवीत टाकला. अण्णांना त्यातलं काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिव्याच्या बाजूला फट ठेवून मायक्रोस्कोप आणि माझं डोकं त्या कापडाखाली गेलं, आणि कडी दिसली. स्वच्छ, रेखीव, मधोमध काळा ठिपका. मला इतका आनंद झाला की मी आतल्या आत खुदखुदून हसले. आकडे वाचायला नुसतं डोकं बाहेर काढायचं की झालं. डार्करूममधली मुलं त्याच आकड्यांसाठी एका टॉर्चवरून भांडत होती. दोन दिवसांत माझा पार्टनर बाहेर आला आणि आपल्याला एकदा बघू देशील का म्हणून विचारू लागला. मी त्याला एकट्याला कापडाखाली पाठवलं आणि स्वतः चार हात लांब उभी राहिले. सरांनी येता-जाता मला काळ्या कापडाखाली पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "शाबास," म्हणाले, "मुलीच्या जातीला असंच शोभतं."

टर्म मिळाली. परीक्षेला आलेले बाहेरचे परीक्षक स्वतः कापडाखाली शिरले आणि बराच वेळ बाहेर येईनात. निकाल लागला तेव्हा प्रॅक्टिकलला कॉलेजात मी पहिली होते. अण्णांनी गिरणीत पेढे वाटले. "अंधाऱ्या खोलीत पाऊल न टाकता पहिली आली," असं ते प्रत्येक पेढ्यामागे सांगत होते.

जूनमध्ये डेमॉन्स्ट्रेटरची जागा निघाली. मी अर्ज घेऊन सरांकडे गेले. त्यांनी चहा मागवला, तोंड भरून कौतुक केलं आणि अर्ज माझ्याकडे परत सरकवला.

"रीडिंग तुमच्यासारखी कुणाचीच नव्हती. पण या कामात डार्करूमही सांभाळावी लागते. आत मुलगे असतात. कसं चालणार?"

"मी बसेन आत, सर. नाहीतर दार उघडं ठेवू."



"दार उघडं ठेवून डार्करूम कशी चालेल?" सर म्हणाले. "फिजिक्स शिकलात ना तुम्ही?"