रंगपंचमीच्या दुपारचा आलेख

नऊ वर्षं मी सांवेर रोडवरच्या एका फॅक्टरीत क्षारांची शुद्धता तपासली. औषधांत पडणारे सेंद्रिय क्षार, सगळी पांढरी पूड, दिसायला एकसारखी. आई शेजारणींना सांगायची, "आमची पोरगी फॅक्टरीत मीठ चाखते," आणि मी जाम चिडायचे. चाखायला काय मी स्वयंपाकीण आहे? पण आईला दुसरं समजावणार तरी कसं!

ते काम मला आमच्या सरांनी शिकवलं. लॅबचे प्रमुख, मराठी, राहायला सुदामा नगरात आमच्या मागच्याच गल्लीत. पूड ज्या अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवायची त्याची बाटली डिसेंबरात सकाळी गोठून बसलेली असायची, तिला कोमट पाण्यात उभी करायची, हेसुद्धा त्यांनीच दाखवलं. मग सुरू होतं टायट्रेशन: मशीन त्या द्रावणात दुसरं अ‍ॅसिड थेंब थेंब सोडतं, आत बुडवलेला इलेक्ट्रोड व्होल्टेज मोजतो आणि पडद्यावर रेघ सरकत राहते. क्षार संपला की रेघ एकदम वर उडी मारते. ती उडी यायला किती अ‍ॅसिड लागलं, त्यावरून शुद्धता निघते. सर म्हणायचे, "बेटा, आकडा नंतर बघ. आधी उडी बघ. एकच असेल तर माल साफ. दोन दिसल्या तर समज, आत दुसरं कुणीतरी घुसलंय." मी त्यांना देव मानत होते, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी रंगपंचमीला फॅक्टरीत अर्धीच माणसं होती. एक बॅच घाईची होती, दुसऱ्या दिवशी गाडीत चढायची. मी सकाळी मशीनवर लावली. रेघेने आधी एक लहान उडी मारली, थांबली, मग मोठी मारली. इलेक्ट्रोड धुतला, परत लावली. तेच. तिसऱ्यांदा नवीन वजन घेतलं, तेच. मी सरांना बोलावलं. ते पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"इलेक्ट्रोड थकलाय बहुतेक," ते म्हणाले. "मी बघतो दुपारी. तू जा गं, गेर बघून ये. आमच्या पोरीलाही घेऊन जा, ती एकटी निघालीये, मला काळजी वाटते."

"हाफ डे लागेल ना सर?"

"अरे यार, सणाचा दिवस आहे. हाजिरी पूर्ण लावतो."

निघताना त्यांनी माझा पासवर्ड मागितला, सकाळचे आलेख छापायचे म्हणून. मी दिला. आमच्या लॅबमध्ये पासवर्ड म्हणजे चहाचा कप होता, कुणीही कुणाचा उचलायचा. आणि जे टायट्रेशन मनासारखं आलं नाही त्याला आम्ही 'ट्रायल' म्हणायचो आणि पुसून टाकायचो. मीही पुसलेत, साळसूदपणा कशाला करू. पण इलेक्ट्रोड नीट बुडला नाही म्हणून पुसणं वेगळं, हे मला तेव्हाही कळत होतं.

राजवाड्यापाशी गेरेच्या मिरवणुकीत, उडणाऱ्या रंगात आणि पाण्यात, आम्ही दोघी तोंडापासून पायापर्यंत रंगलो. फोन घरीच ठेवले होते, पाण्यात बुडाले असते. सरांची पोरगी कॉलेजात शिकणारी, मला ताई म्हणायची. गर्दीत तिने माझा हात घट्ट धरला होता आणि सारखी हसत होती. कित्ती वर्षांनी मी इतकी खूश होते! दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, इलेक्ट्रोडचाच दोष होता, बदलला, माल पास. मी "बरं झालं" म्हटलं आणि कामाला लागले. विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

दोन महिन्यांनी तो माल परत आला. घेणाऱ्यांच्या लॅबमध्ये दोन उड्या दिसल्या होत्या. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं, सर आधीच बसले होते. पडद्यावर त्या बॅचचा आलेख होता. वेळ दुपारी पावणेचारची, खाली माझं नाव, आणि रेघेला एकच सुंदर, सरळ उडी. कुठल्यातरी जुन्या चांगल्या बॅचची पूड मशीनच्या कपात पडली होती, हे मला एका नजरेत कळलं. सकाळचे माझे तिन्ही आलेख गायब होते.

मी म्हटलं, "मी त्या वेळी इथे नव्हतेच."

मालकांनी हाजिरीचं रजिस्टर उघडलं. मी पूर्ण दिवस हजर होते.

मग मी तोंड उघडलं. गेर, पासवर्ड, सकाळच्या दोन उड्या, सगळं सांगितलं. कपाटात राखून ठेवलेलं त्याच बॅचचं सॅम्पल काढलं आणि मालकांसमोर लावून दाखवलं. दोन उड्या आल्या. मला वाटलं, झालं, सुटले. तर सर खालच्या आवाजात म्हणाले, "म्हणजे तुला माहीत होतं, बेटा. तरी पास केलंस? चूक होते माणसाकडून. कबूल कर, मी आहे ना."

मी आहे ना! ज्या माणसाने मला उडी बघायला शिकवलं तोच केसाने गळा कापत होता, तोही किती मायेने. मी म्हटलं, माझ्या आईला विचारा, मी रंगूनच घरी आले होते. मालक म्हणाले, "घरचे काय, हो म्हणणारच. बाहेरचं कुणी होतं तुमच्याबरोबर?"

"यांची मुलगी होती," मी म्हटलं.

तिथेच फोन लावला, स्पीकरवर. मी म्हटलं, "अगं, ताई बोलतेय. रंगपंचमीला आपण दोघी राजवाड्यावर होतो ना, एवढंच सांग. मालक ऐकतायत."

पलीकडे पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "नाही ताई. मी त्या दिवशी घरीच होते. दुसऱ्या दिवशी माझा पेपर होता." पाठ केलेलं म्हणावं तसं, एका दमात. आणि फोन ठेवायच्या आधी ती रडायला लागलेली मला स्पष्ट ऐकू आली. मालकांनाही आली असणार.

मालकांनी कबुलीचा कागद माझ्यापुढे सरकवला. सरांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि माझ्या हातात दिलं.