पारख्याचा गाल

लोकरीच्या वखारीत काम करणाऱ्याच्या अंगाला किस्सेही लोकरीसारखेच चिकटतात, झटकले तरी निघत नाहीत. आमच्या निपाणीच्या वखारीतले बहुतेक किस्से सांगताना मान मलाच खाली घालावी लागते, पण सांगतो!

लढाईचे दिवस होते. ऑफिसरांच्या ब्लँकेटांना मऊ लोकर हवी होती आणि मी तिथला पारखी. लोकर गालावर फिरवायची आणि सांगायचं, "मऊ" नाहीतर "भरड". भरड म्हटलं की धनगर ओझं उचलून आल्या वाटेनं परत!

*

एकदा न्हावी चार दिवस फिरकलाच नाही. चार दिवस सगळ्यांचीच लोकर भरड! पाचव्या दिवशी आमचे क्लार्क आप्पा म्हणाले, "लोकर न्हाय वो, तुमची दाढी भरड हाय!" तोवर माणसं ओझी घेऊन गेली होती.

*

गोरा इन्स्पेक्टर आला. भिंगाखाली धरून एकेका तंतूची जाडी मोजली आणि खूश होऊन म्हणाला, "फाइन!" आप्पांनी धनगराच्या नावापुढं लिहिलं, 'दंड'. तो बिचारा हात जोडून विचारतोय, "माझं काय चुकलं?" आणि सगळ्यांत मोठ्यानं हसलो मी. अजून लाज वाटते.

*

पैज लागली. माझे डोळे बांधले, गालाला काहीतरी लावलं. "कोकराची, पहिल्या कातरणीची!" मी ठणकावून सांगितलं.

ती "म्याव" म्हणाली!

*

सकाळी भरड म्हणून परत पाठवलेलं गाठोडं एका धनगरानं दुपारी तसंच पुन्हा आणलं. मी म्हटलं, "मऊ!" तो हसलासुद्धा नाही. म्हणाला, "जेवल्यावर सायबांचा गाल लई मऊ हुतोय जणू."

*

आणि ती म्हातारी. गाठोडं सोडताना तिच्या कमरेची पुरचुंडी सुटली आणि चिमूटभर काळे केस खाली पडले. मला वाटलं, नमुनाच. कोकराच्या पहिल्या लोकरीला आम्ही जावळ म्हणतो. विचारलं, "काय आक्का, जावळ का?"

"व्हय, जावळच."

मी ते उचलून गालावर फिरवलं. "आखूड आहे. चालायचं नाही!" आणि दिलं ढिगावर भिरकावून.

ती ढिगापाशी मटकन बसली. "नातवाचं जावळ हुतं, सायब. बिरोबाला वाहायला निघालते."

मीही बसलो. काळ्या लोकरीच्या ढिगात आम्ही दोघं तासभर ते काळे केस शोधत होतो. शेवटी तिनं एक चिमूट उचलून माझ्यापुढं धरली.

"तुमी पारखी. गालाला लावून सांगा, ह्येच न्हवं?"

मी चिमूट गालावर फिरवली. ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

"हेच, आक्का," मी म्हणालो.